पेटीच्या आत बघायचं तर

मानसिंगभावजींच्या घरात झाकण असलेली एकही वस्तू पुरी नाही. मिक्सर चालतो, पण त्याचा एक स्क्रू हरवलेला. भिंतीवरचं घड्याळ वेळ बरोबर दाखवतं, पण पाठीला चिकटपट्टी. सून माहेरून नवी इस्त्री घेऊन आली, तिची पूजा व्हायच्या आधीच भावजींनी ती खोलून चटईवर मांडली होती. वस्तू बिघडलेलीच पाहिजे असंही काही नाही. उलट चालू वस्तूवर या माणसाचा संशय जास्त. "बंद पडल्यालं कुणालाबी कळतं वैनी," ते म्हणतात, "चालतंय ते का चालतंय, ते सांगा की!" त्यांची बायको राणी तर मला एकदा म्हणाली, "आवं, जेवायच्या डब्याचं झाकण काढत्यात, आत बघत्यात, परत लावत्यात. खायचं इसरत्यात."

कणसे त्यांचं आडनाव. फौजेत सिग्नलला होते, नायब सुभेदार होऊन परत आले. आमच्या गावात फौजेतून परत आलेली माणसं पुष्कळ. कुणी पोल्ट्री काढतो, कुणी सरपंच होतो, कुणी नुसतंच पारावर बसून सीमेवरचं युद्ध पुन्हा लढतो. भावजींनी यातलं काहीच केलं नाही. रिकाम्या वेळी ते एसटीनं सांगलीला जायचे आणि पिशवीभर जुने सर्किट बोर्ड घेऊन यायचे. मी मूळची वाईची, लग्न होऊन या गावात आले, आणि गेली काही वर्षं पाणी संस्थेची सचिव आहे. त्यामुळे या माणसाच्या नादाला लागणं मला चुकलं नाही.

आमचं गाव रहिमतपूरच्या खालच्या अंगाला, कृष्णेकडे. नदीचं पाणी मोटारीनं वरच्या टाकीत चढतं आणि तिथून पाइपातून शेतोशेती जातं. प्रत्येकाची पाण्याची पाळी ठरलेली. पूर्वी पाटकरी होता, तो हातानं कॉक फिरवायचा. पाटकरी म्हटलं की त्याची भावकी आली, त्याचा मेहुणा आला, आणि टेलच्या शेतात, म्हणजे पाइपाच्या अगदी शेवटाला, पाणी कमी गेलं की शिव्या आल्या. एका उन्हाळ्यात तर दोन चुलतभावांनी एकमेकांची डोकी फोडली. मग संस्थेनं पुण्याच्या एका कंपनीकडून पेटी आणली. आत छोटा कॉम्प्युटर. पाळी आली की ज्याचा त्याचा कॉक तोच उघडतो, तोच बंद करतो. पेटीला ना मेहुणा ना भावकी.

बसवली भावजींनीच. भर सभेत पेटीवर थाप मारून म्हणाले, "हिच्यात कुणाचा हात शिरत न्हाई. माझासुदीक न्हाई." गावानं पेटीवर विश्वास ठेवला असं सगळे म्हणतात. खरं सांगायचं तर पेटी कुणाला कळत होती? गावानं विश्वास ठेवला तो त्या थापेवर.

या उन्हाळ्यात पेटी मधूनच गप्प व्हायला लागली. पडद्यावरचे आकडे जागच्या जागी थिजायचे. उघडा कॉक उघडाच, बंद तो बंदच. थोड्या वेळानं आतला पहारेकरी, म्हणजे एक छोटी चिप, पेटीला बंद करून पुन्हा सुरू करायचा आणि मग बाई काही झालंच नाही अशा चालायला लागायच्या. पण तेवढ्यात कुणाला पाणी जास्त गेलेलं, कुणाला कमी. कंपनीला फोन केला तर म्हणे पेटी पाठवून द्या, महिनाभरात बघून कळवतो. ऐन मे महिन्यात! मी फोनवर जे बोलले ते इथे लिहीत नाही.

भावजी मात्र खुशीत. आमच्या सोप्यात चहा पीत त्यांनी मला समजावलं. "बेसुद पडल्याला माणूस उठवून बसवला आन् इचारलं, बाबा तुला काय झालं हुतं? त्याला काय म्हाईत! बेसुद हाय तवाच नाडी बघाय पायजे."

"मग बघा की."

"तेच तर. पेटीत एक बारीक खाच हाय. तितनं वायर घातली की सगळ्या प्रोग्रामांचा जो बाप, कर्नेल म्हणत्यात त्याला, तो हाय तितंच थांबवता येतो. कुठल्या ओळीवर अडाकलाय, हातात काय धरलंय, सगळं दिसतं. पण ती खाच एरवी बहिरी. पेटी सुरू हुतानाच तिला सांगाय लागतं, आज वायरीचं ऐकायचं म्हणून. एकदा अडाकल्यावर सांगून उपेग न्हाई."

"म्हणजे ती कधी अडकेल कोण जाणे, तोवर खाच उघडी ठेवायची?"

"व्हय."

"आणि पासवर्ड?"

"पासवर्ड लय वर ऱ्हातो वैनी. वायर त्याच्या खालनं शिरती."

मला हे फार गमतीचं वाटलं आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. "नुसतं बघता येतं, की बदलताही येतं?"

भावजी बशीतला चहा फुंकत राहिले. "बदालता बी येतं."

"कुणालाही?"

"वायर घालील त्याला."

"आणि तो पहारेकरी?"

"त्याला झोपवाय लागतो. न्हाईतर मी नाडी धरायच्या आत तो पेटी उठवून बसवायचा."

म्हणजे पुढच्या दाराला कुलूप, मागची भिंत पाडलेली, आणि कुत्र्याला गुंगीचं औषध! मी चिडले. पण ते म्हणाले, "दुसरा रस्ता सांगा, तसं करतो." दुसरा रस्ता मला सुचेना. खाच बंद ठेवली तर पेटी सुरक्षित, पण रोग कळत नाही. उघडी ठेवली तर रोग कळेल, पण पेटी राहते वाऱ्यावर. शेवटी मी म्हटलं, सोमवारी सभा आहे, तिथं सगळ्यांना सांगू आणि मग काय ते करा. ते हो म्हणाले. या माणसाच्या हो मध्ये किती पाणी असतं हे मला ठाऊक असायला हवं होतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी पेटी बंद करून, पहारेकऱ्याला झोपवून, खाच उघडी ठेवून पुन्हा सुरू केली. सभेपर्यंत पेटी अडकली आणि आपली नाडी हुकली तर काय, ही त्यांची चिंता. पाणी कुणाला जाईल, ही नव्हे.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. शेतावर जाताना दाराला कुलूप लावायचं आणि किल्ली चौकटीवर ठेवायची. पाहुणा आला तर ताटकळू नये. कुठल्या घराची किल्ली कुठं आहे हे शेंबड्या पोरालाही माहीत. पेटी बसवलेल्या पंपघराची किल्लीही तशीच चौकटीवर. भावजींनी वायर पेटीत घातली, तिचं दुसरं टोक खिळ्याला अडकवलं, कुलूप लावलं, आणि किल्ली चौकटीवर ठेवून घरी जेवायला गेले. फौजेत बावीस वर्षं शस्त्रागाराच्या चावीची सही घेणारा माणूस! गावात शिरला की गावचाच होतो.

रविवारी दुपारी पेटी अडकली. त्या वेळी कॉक उघडा होता तो जयराजचा. जयराज म्हणजे भावजींचा सख्खा धाकटा भाऊ. त्याच्यानंतर पाळी बनुबाईंची.

बनुबाईंचं शेत टेलला. एकटी बाई, नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली, मुलगी क्रांती सांगलीला दिलेली. यंदा त्यांनी आल्याची लागण केली होती. नुकते लावलेले गड्डे, वर कडक ऊन, आणि या पाळीचं पाणी हुकलं तर बियाणं जमिनीतच भाजणार. खोरं घेऊन त्या बांधावर बसल्या. पाणी आलं नाही. आणखी बसल्या. मग उठून पाइपाच्या कडेकडेनं वर चालायला लागल्या. जयराजच्या उसात पाणी सरीवरून सरीत उतू जात होतं. तिथून तशाच पंपघरावर.

आत भावजी लॅपटॉप मांडीवर घेऊन एकटेच बसले होते. आणि हसत होते.

पुढे बनुबाईंनी गावभर हेच सांगितलं. पाणी चोरलं त्याचं एवढं नाही, पण हसत होता मेला. मला त्या हसण्याची चांगली ओळख आहे. इस्त्री खोलल्यावर ते तसेच हसतात. पण हे बनुबाईंना कोण सांगणार?

"मानसिंगा, माजं पाणी कुठं हाय?" बनुबाईंनी दारातून विचारलं.

भावजींनी मान वर केली नाही. "थांबा जरा काकी, सापडतंय."

सोमवारच्या सभेला कधी न येणारी माणसंही आली. भैरोबाच्या देवळापुढं बसायला जागा उरली नाही. भावजींनी उभं राहून सगळं समजावलं. पेटी आपण होऊन अडकली, मी फक्त बघत होतो, बघण्याच्या नादात जयराजचा कॉक उघडा आहे हे ध्यानातच आलं नाही. कुणी ऐकेना. मागून कुणीतरी म्हणालं, "ध्यानात न्हाई आलं, पर भावाच्याच शेतात!" हशा पिकला. जयराज खाली मान घालून बसला होता.

मग हंबीरराव उठले. संस्थेचे अध्यक्ष, वय झालेलं, बोलणं थोडं. "मानसिंग, एकच सांग. त्या वायरीनं तुला पाळी बदालता आली असती का न्हाई?"

मी भावजींच्या शेजारीच होते. इथे नाही म्हणाले असते तर संपलं असतं. गावात दुसऱ्या कुणाला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि मी काही उठून खोटं पाडलं नसतं. एक शब्द, आणि पेटीवरची थाप पुन्हा खरी झाली असती. भावजींनी टोपी काढून हातात धरली.

"व्हय," ते म्हणाले. "आली असती."

"तू बदालली का?"

"न्हाई."

"आमी कसं समजायचं?"

भावजींनी विचार केला. खरोखर विचार केला, नवीन कोडं घातल्यासारखा. "तुमाला समजायला काय रस्ताच न्हाई," ते म्हणाले. "मी ठेवलाच न्हाई. ती माजी चूक."

जी बोंब उठली ती काय सांगू! पेटी विहिरीत टाका इथपासून पाटकरी परत आणा इथपर्यंत. काहींनी त्यांच्या फौजेचा उद्धार केला. ते उभेच राहिले. मला त्यांचा राग आला होता, पण तो माणूस तसा उभा बघून वाईट वाटलं, हेही खरं.

वाट काढली ती बनुबाईंनी. त्या उठल्या, पदर खोचला आणि देवळाकडे हात केला. "ती देवाची दानपेटी हाय न्हवं? तिला दोन कुलपं का? एक किल्ली वरल्या आळीकडं, एक खालच्या आळीकडं. दोगं आल्याबिगर पेटी उगडत न्हाई. भैरोबावर इश्वास न्हाई म्हणून का? माणसावर न्हाई म्हणून! मग ह्या पेटीला तसं करायला काय धाड भरलीया?"

"आन् दुसरी किल्ली कुणाकडं?" हंबीररावांनी विचारलं.

"जिचं पाणी गेलं तिच्याकडं," बनुबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

तसं झालं. जयराजनं आपली पुढची पाळी कुणी न सांगता बनुबाईंना दिली. भावजींनी रहिमतपूरच्या लोहाराकडून पत्र्याचं झाकण करून आणलं. वायरीची खाच आणि ती उघडी की बहिरी हे ठरवणारं बटण, दोन्ही त्या झाकणाच्या आत. झाकणाला दोन कुलपं. एरवी झाकण बंद, पेटी वायरीला बहिरी, पहारेकरी जागा. रोग धरायचा असेल तेवढेच दिवस दोन्ही कुलपं काढायची, बटण फिरवून पेटी नव्यानं सुरू करायची, आणि बनुबाईंनी समोर बसायचं. घरी जाताना पुन्हा सगळं बंद. बनुबाईंनी आपलं एक कलम जोडलं. "पेटी अडाकली की आदी हातानं कॉक बंद करायचा, मग तुजं बघणं."

आणि मग सुरू झाली ती मोठी मजेशीर बैठक. मी मुद्दाम बघायला जायची. पोत्यावर बनुबाई, हातात मिश्रीची डबी. स्टुलावर भावजी. दोघांत बोलणं नाही. पेटी दिवसभर शहाण्यासारखी चालायची आणि दोघं तिच्याकडे टक लावून बसायचे, जणू कोंबडी अंडं कधी घालते ते बघतायत. पहिल्यांदा बनुबाईंचं लक्ष भावजींच्या बोटांवर असायचं. मग हळूहळू पडद्यावर गेलं.

"ती हिरवी रेघ कशाची?" त्यांनी एक दिवस विचारलंच.

भावजी इतके खूश झाले की टाकीपासून मोटारीपर्यंत सगळं सांगत सुटले. बनुबाईंनी त्यांना मधेच तोडलं. "एवडं नगं. रेघ कशाची तेवडं सांग." दुसऱ्या दिवशी तांबडी रेघ. तिसऱ्या दिवशी, पेटीला कळतं कसं पाणी किती गेलं ते. बनुबाईंना अक्षरओळख बेताची, पण पाण्याबद्दल प्रश्न विचारायला अक्षर लागत नाही. मीही विचारू लागले. खोटं कशाला बोलू, घरी भाकऱ्या थापतानाही माझ्या डोक्यात तीच पेटी.

शेवटी एका सकाळी ती आमच्या तिघांसमोर अडकली. भावजींचे हात लॅपटॉपकडे गेले. "कॉक!" बनुबाई ओरडल्या. भावजी धावत जाऊन कॉक बंद करून आले आणि मग बसले. बराच वेळ ओळी वाचल्या. मग पुन्हा ते हसू. या वेळी बनुबाईंनी नुसतं विचारलं, "घावलं?"

"घावलं काकी. आत दोन कामं हायती. एक टाकीचं माप घेतं, दुसरं कॉक फिरवतं, दोगांना निरोपाची तार एकच. मापवाल्यानं तार धरून ठिवली आन् कॉकवाल्याची वाट बघत बसला. कॉकवाल्यानं कॉक धरून ठिवला आन् तार मोकळी व्हायची वाट बघत बसला."

बनुबाई म्हणाल्या, "म्हंजे उसाच्या दोन ट्रॉल्या बोळात समोरासमोर. कोणच मागं घेत न्हाई."

"तसंच! हुबेहूब तसंच!"

"मग एकाला सांग की मागं घे म्हणून."

उपाय शेवटी तोच होता. ठरलेल्या वेळात तार मिळाली नाही तर एकानं हातातलं सोडून मागं सरायचं. कंपनीला कळवल्यावर त्यांनी तशी दुरुस्ती पाठवली, आणि आभाराचं एक अक्षर नाही. दोन्ही कुलपं लागली. एक किल्ली भावजींच्या गळ्यात, जानव्याची पद्धत आमच्यात नसूनही त्यांनी तिच्यासाठी जानव्यासारखा दोरा घातला, आणि दुसरी बनुबाईंच्या कमरेच्या पिशवीत. बनुबाईंचं आलं बरं उगवलं. सगळं नाही, वरच्या दोन वाफ्यांत तूट राहिली. ती तूट त्या भावजींना येताजाता दाखवत.

पण गावाचं म्हणाल तर गाव लगेच निवळलं नाही. पारावर भावजी आले की पाण्याचा विषय थांबायचा. त्यांना ते लागायचं. एकदा मला म्हणाले, "वैनी, मी व्हय म्हणालो ते चुकलं का?" मी म्हटलं, "नाही."

दिवाळीनंतर पेटी पुन्हा अडकली. या वेळी रोग दुसराच दिसत होता, कारण पहारेकऱ्यानं उठवली तरी ती परत परत बसत होती. कॉक हातानं बंद केले आणि भावजी नि मी बनुबाईंकडे गेलो. अंगणात आल्याचा ढीग पडलेला, चार बाया गड्डे झाडत बसलेल्या, बाहेर व्यापाऱ्याचा टेम्पो उभा. बनुबाईंना मान वर करायला फुरसत नव्हती. भावजींनी पेटीचं सांगितलं. बनुबाईंनी मातीचे हात लुगड्याला पुसले, कमरेची पिशवी सोडली आणि किल्ली भावजींपुढं धरली.

"घे. जा, बघ तू काय ते."

मी बघतच राहिले. बायांचेही हात थांबले. उन्हाळ्यात जी बाई या माणसाच्या बोटांवर डोळे रोखून बसली, ती चार जणींच्या देखत त्याला एकट्याला किल्ली देत होती. भावजींना काय वाटलं ते त्यांच्या तोंडावर दिसलं. डोळे भरून आले होते त्यांचे.

त्यांनी किल्ली घेतली नाही.

"तुमी चला काकी," ते म्हणाले.

"आरं, इश्वास हाय माजा आता. टेम्पो उबा हाय दारात, दिसत न्हाई व्हय?"

"तुमचा हाय. माजा न्हाई." भावजी म्हणाले. "आत बघाय लागलो की मला भाइरचं दिसत न्हाई. लहानपणापासनं न्हाई दिसत. भाइरचं बघाय तुमी पायजे."

मग बनुबाईंनी किल्ली परत पिशवीत टाकली, टेम्पोवाल्याला थांबायला सांगितलं, आणि पायात चपला सरकवत, आम्हा दोघांनाही शिव्या घालत, आमच्या पुढं चालायला लागल्या.